कोऱ्या कापडाचे पंख

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. मी छत्तीस वर्षांचा होतो, चिकपेटेत माझं शिंपीकामाचं दुकान होतं, आणि साऱ्या बेंगळूरात सरळ अशी वस्तू एकच, ती म्हणजे आपली नजर, असं मानणारा माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. गल्लीत त्यांना विमानवाले अण्णा म्हणत. विमानाच्या कारखान्यात ते सुतार. लढाईच्या काळात लाकडी पंख जोडायचे. पुढे विमानं पत्र्याची झाली आणि अण्णांना साहेबांच्या टेबलखुर्च्या करायला बसवलं. हे दुःख ते कुणाला सांगत नसत. त्याऐवजी जगात जे जे वाकडं दिसेल ते सरळ करत सुटत. एका लग्नात मंडपाचा खांब कलला आहे म्हणून त्यांनी नवऱ्यामुलाला पाटावरून उठवलं, खांब ठोकून घेतला, आणि मगच भटजींना म्हणाले, "हं, चालू द्या." मुहूर्त टळला की नाही यावरून दोन्ही घरं पुढे कित्येक वर्षं भांडली.

दुसरी खोड टिचकीची. कशावरही नखानं टिचकी मारायची आणि कान लावायचा. नारळ सगळेच वाजवून घेतात, अण्णा घागर, खुर्ची, दाराची चौकटही वाजवायचे. एकदा तर माझी पाठसुद्धा वाजवून म्हणाले, "तम्मा, स्वल्प पोकळ वाजतोयस. जेवत जा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. ते मला तसंच हाकारत, आणि मला ते आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा त्यांनी घरात विमान बांधायला घेतलं. एकावर एक दोन पंखांचं, जुन्या पद्धतीचं, दोन हात लांब. कारखान्याच्या मोठ्या इंजिनिअरनं शब्द दिला होता, शेवटच्या दिवशी घेऊन या, फाटकाजवळच्या काचेच्या कपाटात ठेवू. म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या नव्या लोकांना येता-जाता दिसेल की विमान एके काळी लाकडाचं आणि कापडाचं असायचं, आणि ते अशा हातांनी व्हायचं. एवढ्यासाठी सगळा खटाटोप. पंखांच्या फासळ्या ते पोस्टकार्डाएवढ्या पातळ तासत. दोन पंखांमध्ये ताणायला बाजारातली कुठलीच तार पसंत पडेना, तेव्हा त्यांनी अक्कांच्या, म्हणजे बायकोच्या, वीणेच्या तारा एकेक करून काढल्या. शेवटी वीणेला तीनच उरल्या. अक्का त्या तिन्हींवर देवाची गाणी वाजवायच्या, आणि देवानं तक्रार केल्याचं ऐकलं नाही. विमानाची एक तार आवळली की समोरची सैल पडे, ती आवळली की तिसरी.

"संसारच आहे हा," अण्णा टिचकी मारत म्हणाले. "एक ताणली की दुसरी रुसते."

"तारांचं बरं ऐकू येतं," अक्का आतून म्हणाल्या. "मी मघापासून जेवायला हाका मारतेय."

पंखांना चढवायचं कापड माझ्याकडून यायचं होतं. "तलम मलमल दे," अण्णा म्हणाले, "पण कोरी. पाण्यातून काढू नको."

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पण कापडाचं मला कुणी सांगू नये. कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि गिऱ्हाईक शिंप्याच्या नावानं बोंब मारतं. हे मला वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. आता सुतारानं मला कापड शिकवायचं? मी कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणालो, घरी आलो, मलमल दिवसभर बादलीत भिजवली, सावलीत वाळवली आणि कोऱ्यासारखी घडी घालून त्यांना नेऊन दिली.

अण्णांचा कारखान्यातला शेवटचा दिवस परवावर आला तेव्हा पंखांवर कापड बसलं. शिवण माझी, वाखाणून घ्यावी अशी. अण्णांनी त्यावर ओलं फडकं फिरवलं आणि हाताची घडी घालून बसले. "आता बघ. कोरं कापड आटतं ना, तेच इथं कामाला येतं. वाळता वाळता आवळून मृदंगासारखं ताठ होतं. मग वरून रोगण."

मी उगाच सुया मोजत बसलो. कापड वाळलं. अण्णांनी टिचकी मारली. ओल्या पापडावर मारल्यासारखी वाजली. पुन्हा पाणी, पुन्हा वाट पाहणं, पुन्हा टिचकी. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "तम्मा, कापड भिजवलं नव्हतंस ना?"

"अण्णा, तीन पिढ्यांचं दुकान आहे माझं. माझ्या कापडावर संशय?"

ज्या माणसानं भटजींची माफी मागितली नव्हती, त्यानं माझा हात धरला. "चुकलं रे माझं. बसवताना माझाच हात सैल पडला असणार. टेबलं करून करून हात गेला."

शेवटच्या दिवशी ते रिकाम्या हातांनी कारखान्यात गेले आणि गळ्यात हार घालून परत आले. कपाटात म्हणे खेळांचे पितळी कप मांडले. त्याच वर्षी अण्णा-अक्का लेकीकडे होसकोट्याला राहायला गेले. जाताना विमान माझ्या दुकानात आणून ठेवलं. "तुझी शिवण चांगली आहे," म्हणाले. होसकोटे काही काशी नव्हे, बसनं जाऊन संध्याकाळी परत यावं. मी सात-आठ वर्षांत एकदाही गेलो नाही. निघावं म्हटलं की वाटायचं, आता सांगून काय उपयोग? आणि खरं म्हणजे, शिंप्यानं सुतारापुढं कापडात हार खायची, हे जिभेवर येत नव्हतं.

सहासष्ट साली अक्का एकट्याच दुकानात आल्या. अण्णा जाऊन महिना झाला होता. "तिकडे त्यांनी रंध्याला हात लावला नाही," म्हणाल्या. "जावयानं देव्हारा करा म्हटलं, तर म्हणाले, हात गेलाय माझा, वाकडा होईल."

तेव्हा मी बोललो. "अक्का, हात गेला नव्हता. कापड मी भिजवलं होतं."

अक्कांनी कपाटावरच्या विमानाकडे पाहिलं. "हे मला काय सांगतोस, तम्मा? हे त्यांना ऐकायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिऱ्हाइकांसाठी दार उघडलं नाही. कपाटावरून विमान उतरवलं, वरच्या पंखाचं कापड टाका टाका उसवलं, आणि ताग्यातली कोरी मलमल आयुष्यात पहिल्यांदा पाण्यातून न काढता कापली. बसवली, शिवली, ओलं फडकं फिरवलं आणि हाताची घडी घालून बसलो. वाळल्यावर टिचकी मारली. पंख टण्ण वाजला, त्याबरोबर खाली वीणेच्या तारासुद्धा गुणगुणल्या. खालच्या पंखाला मी हात लावला नाही. तो तसाच सैल राहू दिला. तो सैलपणा अण्णांच्या हाताचा नव्हता, ते काम माझं होतं.