मुठीतल्या किल्ल्या

विशेष शाळेच्या ऑफिसातला क्लार्क बोलताना किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत होता. माझ्या जुईचा प्रवेशअर्ज त्यानं उघडलाही नव्हता. "ताई, फिट येणाऱ्या मुलांची जबाबदारी शाळा घेत नाही. फिट थांबल्या की आणा तिला." थांबल्या असत्या तर तुझं तोंड बघायला आले असते का, हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

तेवढ्यात जुईला फिट आलीच. मी तिला फरशीवर कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी सरकवली. क्लार्क धावत आला आणि जुडगा तिच्या मुठीत कोंबून म्हणाला, "लोखंड धरू द्या, उतरेल." विशेष शाळेतला माणूस हा! लोखंडानं उतरत असती तर लेकीला लोहाराकडेच ठेवलं नसतं? पण लोकांची दया अशीच असते. हातात काहीबाही कोंबतात आणि दार लावून घेतात.

दोनेक मिनिटांत फिट आपोआप ओसरली. जुईला गुंगी आली, तरी मूठ अजून आवळलेलीच होती. त्या मुठीत शाळेच्या सगळ्या वर्गांच्या किल्ल्या होत्या.

क्लार्कनं वाकून, अगदी हळुवारपणे, तिचं एकेक बोट उलगडलं. जुडगा खिशात टाकला आणि टेबलावरचा अर्ज माझ्या हातात परत दिला.