सुमीची ओळ

आज माळ्यावरून दुसरीचं जुनं पुस्तक निघालं. पानांना अजून खडूचा वास होता, माझ्या धारूरकडच्या शाळेचा.

वर्गात मी जोडीनं वाचायला लावायची. एक ओळ एकीची, पुढची दुसरीची. दिवाळीनंतर सुमी आईबापासंगं ऊसतोडीला गेली. तिची जोडीदार रेखा एक ओळ वाचून गप्प बसली. बोट मात्र पुढच्या ओळीवर.

"थांबलीस कामून?" मी खेकसले.

"ही सुमीची ओळ हाय, बाई."

मी चिडून ती ओळ स्वतःच वाचली आणि धडा पुढे रेटला.

निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको सकाळचा पेपर असाच आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचो. हे गेले. अजूनही एक बातमी वाचून मी थांबते.