नकाशाची घडी

सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही. मी जमवलेल्या जुन्या पुस्तकांपैकी सर्वांत जाड पुस्तकातून एक कसर निघून पळाली. त्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला कोकणकिनाऱ्याचा नकाशा आहे, घडी घातलेला. तरुणपणी हौसेनं घेतला, पण चिरेल म्हणून कधी उलगडला नाही. काय ती तेव्हाची मी, शहाणी बाई. नव्या साडीची घडी मोडायला नणंदेला द्यायची, नकाशाला मात्र कुणाला हात लावू द्यायची नाही.

“वन्सं, याची घडी तुम्हीच मोडा,” मी आज म्हटलं.

“कसरीनं मोडली की आधीच,” त्या हसल्या, पण अलगद उलगडला त्यांनी.

किनाऱ्याची चाळण झाली होती. समुद्र शाबूत होता, आणि त्यात इवलंसं गलबत, इतकी वर्षं शीड उभारून घडीत अडकलेलं. ते पाहिलं आणि माझा पाय आणखीच ठरेना.