खालाचा 'मुआ'

रबियाखालानं तुम्हाला 'मुआ' म्हटलं नाही, तर समजायचं की तिच्या लेखी तुम्ही परके. मुआ म्हणजे आपल्या आयांचं 'मेल्या'. औरंगपुऱ्यात माझी गाणी रेकॉर्ड करायची खोली आहे. ती पहिल्यांदा तिथं आली ती जिना चढून धापा टाकत, आणि मला म्हणाली, "मुए, इत्ते ऊपर दुकान डाला, गिऱ्हाईक क्या कबूतर हैं?" तेव्हापासून मी तिच्या घरचा झालो.

लग्नघरी ढोलकावर गाणाऱ्या बायकांची ती म्होरकी. मुलीकडच्यांनी विहिणीला गाण्यातून शिव्या घालायच्या आणि विहिणीनं पदराआड हसायचं, अशी त्या घरांतली रीत. फक्त एक पथ्य होतं. शिवी देताना नाव घ्यायचं नाही, नुसतं 'समधन' म्हणायचं. "नाम लेको गाली दिये तो झगडा, बगैर नाम के दिये तो लाड," असं ती सांगायची.

हर्सूलचा विक्या माझ्याकडे रॅप रेकॉर्ड करायला यायचा. नळाला पाणी येत नाही म्हणून चिडून त्यानं एक गाणं लिहिलं होतं. ते ऐकून खालानं नाक मुरडलं. "भाषण देरा मुआ. गाली देने कू बी सलीका लगता." तिनं ढोलक ओढला आणि शहरालाच विहीण केलं.

"बावन दरवाजे की नखरेवाली समधन,
मेहमान प्यासा बैठा, सूखे तेरे बर्तन."

त्यावर विक्याचं मराठी रॅप चढलं. मी इतका हसलो की रेकॉर्डिंग थांबवावं लागलं.

विक्यानं गाणं इंटरनेटवर चढवलं, ते वाऱ्यासारखं पसरलं आणि तिथंच घात झाला. शहराचं नाव नुकतंच बदललं होतं, आणि गाण्यात जुनं-नवं कुठलंच नाव नव्हतं. एकांनी विचारलं, नवं नाव घ्यायला जीभ झडते का? दुसऱ्यांनी विचारलं, जुनं घ्यायला भ्यायलीस का? एका प्राध्यापकांनी ही मराठीची विटंबना ठरवली. मुंबईच्या एका समीक्षकानं मात्र लिहिलं की नाव न घेणं हे धाडसी राजकीय मौन आहे. विक्यानं ते कौतुकानं वाचून दाखवलं.

"मौन बोले तो?" खालानं विचारलं.

"गप बसणं, खाला."

"मैं गप कां बैठी रे? गला सूखे तक गायी."

नाव का घेतलं नाही, हे तिला विचारायला एकही माणूस जिना चढून आला नाही. मला अजून त्याचा संताप येतो.

मग लग्नांची बोलावणी थांबली. हिला बोलावलं तर मांडवात कुणीतरी येऊन राडा करील, अशी लोकांना धास्ती. त्यातच तिनं वाढवलेल्या नातीचं, शबानाचं लग्न ठरलं. व्याह्यांनी निरोप धाडला, खालांनी जरूर यावं, पण ढोलक आणू नये.

ती माझ्याकडे आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. "मिटा दे मुए. तेरी मशीन में है ना वो गाना?"

"आता ते लोकांच्या फोनमध्ये आहे, खाला. माझ्या हातात नाही."

"मेरी नात है रे. उसकू गूंगी बनको कैसा बिदा करू?"

विक्यानं स्वतः चढवलेलं गाणं काढून टाकलं, पण तोवर ते भलत्यांनीच ठिकठिकाणी चढवलं होतं. तो व्याह्यांच्या घरी जाऊन पाया पडला. "ती शिवी नाय ओ, लाड हाय. खालाला गाऊ द्या." त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

लग्नात खाला हात मांडीवर ठेवून बसली. विहीणबाई समोर आल्या, तशी ती उठून म्हणाली, "तशरीफ रखिए." शबाना ते ऐकून ओक्साबोक्शी रडली. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय.

पुढं ती सगळ्यांशीच अदबीनं बोलू लागली. शेवटचा मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती आजारी होती. मला बघून भिंतीला धरून उठली.

"आइए साहब. बैठिए."

"खाला, मी सुधाकर."

"हौ, पैचानी ना साहब," ती म्हणाली, आणि तिनं मला पाण्याचा पेला दिला.