पूर्णलक्ष्मीची हरवलेली पंधरा मिनिटं

गुरुवारी दुपारच्या खाज्याला, म्हणजे मधल्या खाण्याला, उठण्याआधी नीरोज शाक्यने एक टेस्ट उडवली आणि मोठं शहाणपण केल्याच्या समाधानात तो चिउरा-भटमास, म्हणजे पोहे आणि तळलेले सोयाबीन, खायला गेला. दवाखान्यासाठी बनवलेला रुग्णनोंदणीचा प्रोग्राम नीट चालतो का, हे रोज आपोआप तपासणाऱ्या तीनशे बारा टेस्ट होत्या. तीनशे अकरा हिरव्या, ही एकच लाल. तीही फक्त काठमांडूशेजारच्या पाटणमधल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर. लंडनच्या घड्याळावर चालणाऱ्या सर्व्हरवर हीच बया गुणी बाळासारखी पास. शुक्रवारी प्रोग्राम दवाखान्याला द्यायचा होता. परक्यांत शहाण्यासारखी वागणारी आणि घरी येऊन रुसणारी पोर, तिचे लाड किती करायचे?

टेस्ट त्याच सकाळी लिहिली होती पूर्णलक्ष्मी महर्जनने. बाई चाळिशीला टेकलेली. इथे येण्याआधी बारा वर्षं दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसलेली. तपासणीसाठी खोटे रुग्ण लागले की बाकीचे 'कखग' लिहून मोकळे होत. पूर्णलक्ष्मी आपली अख्खी गल्ली आणून बसवी. आडनाव न सांगणारा कुंभार, एका दिवशी जन्मलेल्या जुळ्या बहिणी, वय विचारलं की नेपाळी नव्वद सालच्या, म्हणजे इंग्रजी १९३४च्या, भूकंपापासून मोजणारी म्हातारी. ही माणसं खिडकीवर येणारच आहेत, आधी इथे अडखळू देत, असं तिचं म्हणणं.

आणि या वेळी रुग्णांत ती स्वतः होती. जन्म नेपाळी पंचांगाने पौष १७, २०४२; इंग्रजी १९८६ची एक जानेवारी. त्याच दिवसापासून नेपाळने आपलं घड्याळ पाव तास पुढे सरकवलं. रात्रीचे बारा वाजायच्या जागी एकदम सव्वाबारा. आई म्हणे, पाव तास कमी मिळाला म्हणून पोरगी जन्मापासून घाईत. प्रोग्राम मात्र प्रत्येकाचा जन्म रात्रीच्या बाराच्या ठोक्याला नोंदवायचा, आणि तो ठोका त्या दिवशी लंडनमध्ये पडला होता, काठमांडूत पडलाच नव्हता.

नीरोजने यातलं काहीच पाहिलं नाही. लाल दिसलं, उडवलं. खाज्याला ती समोरच बसली होती. तळलेले भटमास बाजूला सारून कोरडा चिउरा चघळत होती, एक हात बरगडीखाली. खाऊन झाल्यावर पोटात कळ आली म्हणून ती घरी गेली, ती सोमवारपर्यंत आलीच नाही.

शुक्रवारी प्रोग्राम दवाखान्यात बसला, आणि सोमवारी सकाळी ती त्याच दवाखान्यात गेली. पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळायची होती; तीन महिने त्यासाठी थांबली होती. खिडकीतल्या मुलीने जन्मतारीख टाकली. कॉम्प्युटर म्हणाला, अशी वेळ अस्तित्वात नाही. मुलीने पुन्हा टाकली, मग दया येऊन सुचवलं, पौष अठरा लिहू का? पण नागरिकतेच्या कागदावर सतरा होतं, आणि कागद जुळला नाही तर विमा नाही, हे पूर्णलक्ष्मीनेच बारा वर्षं लोकांना ऐकवलं होतं.

"दिदी, आधी जन्माला तरी येऊन या," मागून कोणीतरी म्हणालं. रांग हसली. तिची तारीख मागच्या माणसाला गेली.

ऑफिसात येऊन तिने हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि टेस्ट मोजल्या. तीनशे अकरा.

नीरोज आपणहून उठला. "दिदी, मी काढली."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि शेजारची खुर्ची पायाने ओढून दिली. चार वाजेपर्यंत दोघांनी मिळून जन्मतारखेतून घड्याळच काढून टाकलं, नुसता दिवस ठेवला. दवाखान्याला तेवढाच तर हवा होता. संध्याकाळी खिडकीतल्या मुलीचा फोन आला. नाव चढलं, तारीख मात्र आता पुढच्या महिन्याची. म्हणजे आणखी महिनाभर कोरडा चिउरा.

नीरोजने विचारलं, "ती लाल का होतेय हे तुम्हाला माहीत होतं ना? मग मला सांगितलं का नाही?"

"समोर बसून खात होते मी, भाई, विचारायचं होतंस."