आतला नंबर, बाहेरचा नंबर

गोरेगाव या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागे उर्वशी पटलेचं सायबर कॅफे होतं. लग्नाआधी आमगावला तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. नवरा लोकेंद्र शाळेत मास्तर. त्यानेच हौसेने घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवून दिलं होतं. निकालाच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसायची.

२०११च्या उन्हाळ्यात हवालदार छोटेलाल दुकानात आले. लोकेंद्रच्या शाळेच्या मुख्याध्यापिका देवकाबाईंविषयी कुणीतरी खोट्या नावाने तालुकाभर ईमेल पाठवला होता. मजकूर इतका घाणेरडा, की देवकाबाईंच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं.

"तो ईमेल तुमच्या इथूनच गेला, मॅडम," छोटेलाल म्हणाले आणि कागदावर लिहून आणलेला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा नंबर, त्यांनी पुढे केला.

उर्वशी कॉम्प्युटरसमोर बसली. तिने स्क्रीनवर कमांडची काळी खिडकी उघडून कमांड टाइप केली. कॉम्प्युटरचा नंबर आला तो १९२ने सुरू होणारा. कागदावरचा वेगळाच होता.

"जुळून तर नाही राहिला," छोटेलाल उठले. "इंटरनेट कंपनीवाल्यायनंच गडबड केली असन."

"थांबा जी," उर्वशी म्हणाली. "हा आतला नंबर आहे. मॉडेम घरच्या घरी हरेक कॉम्प्युटरले असा नंबर देते. बाहेर मात्र सगळ्यायचा मिळून एकच दिसते, तो कंपनीचा."

तिने मॉडेमच्या सेटिंग उघडल्या. बाहेरचा नंबर कागदावरच्यासारखाच सुरू होत होता.

"मॉडेम बंद-चालू केला का शेवटचे आकडे बदलतेत. कंपनी सांगते त आमचाच असन. कोण्या गिऱ्हाइकानं केलं असन हे. तारीख कोणती होती?"

छोटेलालनी तारीख सांगितली आणि उर्वशीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी आमगावला तिच्या भावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. दुकानाला तिनेच कुलूप लावलं होतं, चावी तिच्याच पर्समध्ये होती. पण मॉडेम घरात होता. त्याची एक वायर दुकानात यायची, दुसरी लोकेंद्रच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला. पेपर तपासायचे म्हणून लोकेंद्र घरीच थांबला होता. संध्याकाळी त्याचा फोनही आला होता, "जेवली काय? सावकाश ये, मी आहो घरी." आवाज अगदी रोजचा होता.

"काय झालं, मॅडम?"

"उद्या येईन मी पोलीस ठाण्यात," ती कशीबशी म्हणाली.

लोकेंद्र शाळेतून आला, तेव्हा ती दारातच उभी होती.

"पोलीस येऊन गेले. साक्षगंधाच्या दिवशी तो ईमेल तुमी पाठवला?"

कोणता ईमेल, असं त्याने विचारलंच नाही. "तुले कोणं सांगतलं?" एवढंच म्हणाला.

"का बरं केलं?" उर्वशीने विचारलं.

"सगळ्यायसमोर मले बोलली ते बाई," तो म्हणाला. "थोडी जिरवाची होती."

"तिच्या पोरीचं लग्न मोडलं."

"थेवढं होईन हे मले का माहीत? पोलीस गेले ना? मंग आता कायले उकरून राहिली?"

ज्याच्या ताटात ती रोज वाढत होती, तो हाच का, हे तिला कळेना.

सकाळी तिने चहा त्याच्यासमोर ठेवला. "तुमी चालता, का मी एकटीच जाऊ?" तो जागचा हलला नाही. ती एकटीच गेली. छोटेलालसमोर बसल्यावर तिने कागद मागितला आणि त्यावर मॉडेमचं आणि त्याच्या दोन वायरींचं चित्र काढलं. दुसऱ्या वायरीच्या टोकाला लिहिलं, 'लोकेंद्र'.

कॉम्प्युटर जप्त झाला, त्यात तो मजकूर सापडला. लोकेंद्र निलंबित झाला आणि आईवडिलांकडे गावी राहायला गेला. बाजारात बाया उर्वशीला पाहून बोलणं थांबवत. दुकानात गिऱ्हाईक तुटलं, मग पोरांचे निकाल लागले तसं हळूहळू परत आलं.

पावसाळा सरता सरता देवकाबाई आल्या. उर्वशीने दिलेल्या खुर्चीत बसल्या.

"माह्यासाठी तुयं घर मोडलं, बाई."

"तुमच्यासाठी नाही," उर्वशी म्हणाली. "नंबर माह्या घरचा होता, लपवला असता त मीही त्यात आली असती."