वाळूच्या बेटावरचा बांध

चार म्हातारे एका गाडीत बसले की किस्से मोजायचे न्हाईत, हळदीवाणी पोत्यात भरायचे! आमी दर्या बघाया कोकणात गेलो त्याला वर्ष झालं, पोतं अजून सरून न्हाई राहिलं.

चौघं म्हंजी मी, वसमतचा हळद व्यापारी रहीमभाई, आन् आमच्या शिरड शहापूरचे दगडू-किसन, सख्खे चुलतभाऊ. दगडू म्हणे, किसननं बांध सरकवला. किसन म्हणे, दगडूनंच. अकरा वर्षं एकमेकाशी शब्द न्हाई! म्हणून तर मी दोघांला न सांगता एकाच गाडीत घातलं. त्यांनी बोलावं, येवढीच माझी हाव.

*

बेटावर जायच्या होडीत दगडू एका टोकाला, किसन दुसऱ्या. होडीवाला खुश! "बरां झालां, होडीचो तोल रवात!"

*

बेट म्हंजी वाळूची लांब पट्टी. इकडून खाडी, तिकडून दर्या! होडीवाल्यानं दूर पाण्यात बोट दाखवलं. "माझ्या आज्याच्या वेळेक ह्यां बेट थंय होतां. माड होते, खोपटी होती. सगळां दर्यान खाल्ल्यान, आणि वाळू हंय आणून टाकल्यान. अजून सरकता."

दगडूनं माझ्या कानात इचारलं, "मंग सातबारा कोणाच्या नावावर?"

*

आता तिथं माडाच्या जागी चहा-मॅगीच्या टपऱ्या, पाण्यावर पळणाऱ्या स्कूटरी, पॅराशूट! रहीमभाईला पॅराशूटला बांधलं, होडीनं वढलं. वरून आरडला, "वसमत दिसून राहिलं!"

खाली आल्यावर इचारलं, "खरंच दिसलं?"

"काय दिसतंय! डोळे गच्च मिटले होते!"

*

किसननं चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली. "खारट हाये. हळद येणार न्हाई."

*

होडीवाला दुसरी माणसं आणाया गेला. आमी बेटाच्या टोकाला भाकरी सोडली. दगडूनं काठीनं वाळूत रेघ मारली. "ह्यो बांध. इकडं मी."

किसननं पावलं टाकून रेघ मोजली आन् मला म्हणला, "सांगा त्याला, दोन पावलं माझ्यात आलाय!"

मी सांगेस्तोवर भरती लागली. एका अंगानं खाडी, दुसऱ्या अंगानं दर्या! रेघ गेली. होडी येताना दिसत होती, पण पाणी आधी आलं. दगडू इकडून मागं, किसन तिकडून मागं. शेवटी आमी सगळे एका उंचवट्यावर, आन् हे दोघं पाठीला पाठ लावून हुभे, भाकरीचं फडकं डोक्यावर!

दगडू वरडला, "आरं, सरक की जरा!"

किसन म्हणला, "आता कुठं सरकू, दादा?"